हलगीच्या वादावर, साल्वादोरहून

साल्वादोर, बाईया, ब्राझील
शुक्रवार, 7 मार्च 2025

ती. अण्णांस,
सप्रेम जयभीम. आईला आणि आजीला नमस्कार. आजीला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवा, मधली पानं गाळू नका.

तुम्ही हातानं पत्र लिहून त्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत, ते वाचले. निवृत्त झालात तरी अक्षर अजून फळ्यावरचंच आहे. मजकूर मात्र रागाचा आहे. बारक्यानं कॉलेजातल्या पोरांच्या नादानं हलगी धरली, 14 एप्रिलच्या मिरवणुकीत वाजवणार म्हणतो, आणि तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलंय. मी थोरली, म्हणून मी त्याला समजावावं, असं तुमचं म्हणणं. फोनवर बोलायला घेतलं तर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं आणि चौथ्याला तुम्ही फोन आईकडे देता. म्हणून लिहितेय. आणि योग असा की तुमचं पत्र आलं ते ऐन कार्निव्हलच्या आठवड्यात. या गावात सहा दिवस ऑफिसं बंद, रस्ते बंद आणि कान उघडे.

आबांच्या हलगीचं मला ठाऊक आहे. कुस्तीच्या मैदानात, लग्नाच्या वरातीत, मयतीपुढं, जत्रेत, जिथं बोलावतील तिथं त्यांनी जायचं. वरातीत सगळ्यांच्या पुढं आणि पंगतीत सगळ्यांच्या मागं, तेही मांडवाबाहेर. मोबदला पायलीभर धान्य आणि उरलंसुरलं. नाही म्हणायची सोय नव्हती. शाळेतला पहिला पगार हातात आला त्या महिन्यात तुम्ही आबांच्या हातातली हलगी काढून घेतलीत आणि गावकीला सांगितलंत की या घरातून आता कुणी वाजवायला येणार नाही. तुम्ही ते केलं नसतं तर मी आज इथं पवनचक्क्यांच्या कंपनीत बसून नकाशे काढत नसते. त्यावर माझा एका शब्दाचाही आक्षेप नाही. तरी पुढचं वाचा.

गेल्या शनिवारी रात्री मी लिबेर्दादे नावाच्या वस्तीत गेले होते. समुद्राच्या बाजूची साल्वादोर म्हणजे काचेच्या इमारती आणि पर्यटक. लिबेर्दादे टेकडीवर, दाटीवाटीची, पिढ्यान्‌पिढ्या काळ्या माणसांची. 2 जुलै 1823 ला पोर्तुगीज फौजेला हरवून बाईयाचं सैन्य ज्या वाटेनं शहरात शिरलं ती ही वाट. पूर्वी तिच्यावरून गुरांचे कळप यायचे. त्या वस्तीत कुरुझू नावाचा एक चढ आहे. कार्निव्हलच्या शनिवारी रात्री ‘इले आइये’ नावाचं पथक तिथून निघतं. इथली माणसं हे पाहायला नातेवाइकांच्या गच्च्या आठवडाभर आधी धरून ठेवतात.

चढावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांच्या डोक्यावर पिवळ्या, लाल, काळ्या, पांढऱ्या कापडाचे फेटे. फेटेच म्हणते, कारण शिवलेली टोपी नव्हे. लांब कापड, प्रत्येकीच्या डोक्यावर वेगळ्या तऱ्हेनं बांधलेलं, कुणाचं मुकुटासारखं वर चढवलेलं, कुणाचं कानाशी गाठ मारलेलं. त्याच छापाच्या कापडाचे पायघोळ झगे. थर्मोकोलच्या पेट्यांतून बीअर विकणारी पोरं आणि पांढऱ्या घेरदार घागऱ्यातल्या अकाराजेवाल्या. आजी, अकाराजे म्हणजे चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, कांदा घालून केलेला वडा, तांबड्या पामतेलात तळलेला, मधे चिरून कोळंबी भरलेला. तुला आवडेल. तेलाचा वास आवडणार नाही.

पथक एका काँदोम्ब्ले देवळाच्या दारातून निघतं. काँदोम्ब्ले म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी इथं जपलेला धर्म. देवांना इथं ओरिशा म्हणतात. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका बाहेर आल्या, त्यांच्या पुजारीणबाईंनी मक्याच्या लाह्या मुठींनी गर्दीवर उधळल्या. रोग देणाऱ्या आणि रोग बरा करणाऱ्या ओबालुआये देवाच्या त्या लाह्या. मग पांढरी कबुतरं सोडली. लोक अगदी गप्प झाले, आणि त्या शांततेत सुर्दोवर पहिला ठोका पडला.

सुर्दो हा सगळ्यात मोठा ढोल, कमरेला अडकवून मऊ गोळ्याच्या काठीनं वाजवायचा. एक खर्जात बोलतो, दुसरा त्याहून किंचित चढा त्याला उत्तर देतो, आणि त्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत तिसरा-चौथा वळसे घेतात. वर काइशा नावाच्या तारेच्या ढोलकांची सलग खरखर. आणि सगळ्यांत वर रेपिके: लहान, ताठ, चढ्या आवाजाचं, दोन्ही हातांत बारीक लवचीक काड्या घेऊन वाजवतात. अण्णा, रेपिके ऐकताना मी खोटं कशाला सांगू, मला मैदानातली हलगी आठवली. तोच कोरडा, कडक, अंगावर येणारा आवाज. बाकी काही सारखं नाही. आपल्याकडे हलगी एकटी पुढं पळते, घुमकं नि कैताळ तिला धरून असतात. इथं शंभरेक ढोल एका चालीनं चालतात आणि चाल धिमी असते. घाईच नाही कुणाला. नाचणारेही उड्या मारत नाहीत; खांदे, हात, मान संथ फिरवत राणीसारखे उतरतात. मुद्दामच. त्यांना दमून दाखवायचं नसतं, दिसायचं असतं.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते, कारण तुम्ही विचारणारच की यात अभिमान कसला.

1974 साली इथं लष्करी राजवट होती. 1964 ला आलेली, 1985 पर्यंत टिकलेली. साल्वादोर ही 1549 पासून दोनशेहून जास्त वर्षं पोर्तुगीजांच्या ब्राझीलची पहिली राजधानी, शहरातली पाचातली चार माणसं काळी किंवा मिश्रवर्णी, आणि कार्निव्हल मात्र गोऱ्यांच्या क्लबांचा. त्या क्लबांची पथकं काळ्या मुलांना सभासद करून घेत नसत. कामाला घेत. रथ ढकलायला, दोर धरायला, आणि वाजवायला. वाजवणारे काळे, मिरवणारे गोरे. मांडवाबाहेरची पंगत तुम्हाला आठवली असेल.

कुरुझूच्या दोन तरुणांनी, आंतोनियो कार्लोस दोस सांतोस (सगळे त्यांना ‘वोवो’ म्हणतात) आणि आपोलोनियो यांनी, 1 नोव्हेंबर 1974 ला स्वतःचं पथक काढलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीच्या बातम्या, ते कुरळे केस मोठे वाढवणं, आफ्रिकेतले देश स्वतंत्र होत असल्याच्या बातम्या, हे सगळं त्या पोरांच्या डोक्यात होतं. नाव ठेवायचं होतं ‘काळी सत्ता’. पोलिसांच्या भीतीनं ते सोडलं आणि पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतलं ‘इले आइये’ ठेवलं. नियम एकच ठेवला: पथकात चालायचं तर काळं असायला हवं. 1972 ला मुंबईत आपल्या पोरांनी पँथर काढली होती, तिलाही अमेरिकेतूनच ठिणगी मिळाली होती. दोन महासागरांपलीकडे, एकमेकांना न ओळखता, दोन वर्षांच्या अंतरानं. तुम्ही तेव्हा पँथरच्या सभांना जायचात, हे आईनं मला सांगितलंय, तुम्ही कधी सांगितलं नाही.

1975 च्या कार्निव्हलला ते शंभरेक जण रस्त्यावर उतरले. वोवोंची आई, मांय इल्दा, त्याच देवळाच्या पुजारीणबाई. पोरांना पोलीस उचलतील या भीतीनं त्या स्वतः पथकाबरोबर चालल्या, असं इथं सांगतात. गाणं पाउलिन्यो कामाफेउ यांचं होतं. हे पथक कुठलं, असं त्यात कुणीतरी विचारतो आणि उत्तर मिळतं की काळं जग तुम्हाला दाखवायला आलोय. पुढं गोऱ्याला एक टोमणाही आहे: काळ्याची किंमत तुला कळली असती तर तू डांबरात अंघोळ केली असतीस. चाल साधी, पोरंसोरं गुणगुणतील अशी. दोन वर्षांनी जिल्बेर्तो जिल यांनी ते आपल्या तबकडीत गायलं आणि देशभर पोचवलं. हेच जिल पुढं ब्राझीलचे सांस्कृतिक मंत्री झाले.

पण आधी दैनिकं काय म्हणाली ते ऐका. ‘आ तार्दे’ या इथल्या मोठ्या वर्तमानपत्रानं 12 फेब्रुवारी 1975 ला लिहिलं की हे वंशवादी पथक म्हणजे बेसूर लागलेला स्वर. आपल्याकडे सुदैवानं वंशाचा प्रश्नच नाही, ही पोरं तो बाहेरून आणतायत, असा एकूण रोख. ‘आमच्या गावात जात कुणी पाळत नाही, तुम्हीच ती उकरून काढता.’ हे वाक्य तुम्ही किती सरपंचांच्या तोंडून ऐकलंत? भाषा बदलली तरी माणूस तोच.

माझ्या ऑफिसातले एक वयस्कर सहकारी लिबेर्दादेचेच. ते सांगत होते की पहिल्या वर्षी ढोलांचा आवाज आला तशी त्यांच्या आईनं खिडकी लावून घेतली होती. पोलीस येतील म्हणून, आणि शरम वाटली म्हणूनही. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या काळ्या घरांत ढोल म्हणजे मागासलेपणाची खूण होती. ढोल म्हणजे देवऋषीपणा, दारू, दंगा. पोरानं वह्या घ्याव्यात, काठ्या नाही. मी हे ऐकताना मान खाली घालून कॉफी पीत होते.

त्या शरमेमागं किती काळाची मारझोड होती ते बघा. आफ्रिकेतून अटलांटिकपार नेलेल्या गुलामांतले जवळपास 40 टक्के एकट्या ब्राझीलमध्ये उतरवले. जगातल्या कुठल्याही देशात इतके नेले नाहीत. 1835 च्या जानेवारीत याच साल्वादोरमध्ये मुसलमान आफ्रिकी गुलामांनी उठाव केला, तो चिरडला गेला, आणि त्यानंतर आफ्रिकी माणसांच्या जमावाची, ढोलाची, सणाची मालकांना धास्तीच बसली. गुलामी संपली 13 मे 1888 ला, अमेरिका खंडात सगळ्यांत शेवटी. तारीख नीट बघा. त्याच्या दोन दिवस आधी, 11 मे 1888 ला, मुंबईत लोकांनी जोतीरावांना ‘महात्मा’ म्हटलं. आणि 1873 ला त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा ब्राझीलमध्ये माणसांची खरेदी-विक्री कायद्यानं चालूच होती. हे तुम्ही सातवीच्या वर्गात सांगायला हवं होतंत, अण्णा.

गुलामी गेल्यावर 1890 च्या दशकात काळ्यांनी आफ्रिकी वेशात कार्निव्हलची पथकं काढली होती. लोकांना आवडू लागली तशी 1905 मध्ये पोलिसांनी आफ्रिकी वेश आणि ढोलवादन यांवर बंदी आणली. काँदोम्ब्लेच्या देवळांना पूजेसाठी पोलिसांचा परवाना लागायचा, तो 1976 पर्यंत. म्हणजे इले आइये पहिल्यांदा उतरलं त्या वर्षी देवळातला ढोल वाजवायलाही पोलीस ठाण्याची चिठ्ठी लागत होती. वाजवा म्हणून हुकूमही तेच करणार आणि वाजवू नका म्हणूनही तेच.

पुढच्या काही वर्षांत अशी पथकं गल्लोगल्ली निघाली. पेलोरिन्यो म्हणून जुन्या शहराचा चौक आहे, जिथं गुलामांना खांबाला बांधून फटके मारत, तिथं 25 एप्रिल 1979 ला ओलोदुम निघालं. तेव्हा तो भाग पडक्या वाड्यांचा, वेश्यावस्तीचा, सभ्य माणूस न फिरकणारा. इले आइयेतले ढोलप्रमुख, नेगिन्यो दो साम्बा या नावानं ओळखले जाणारे आंतोनियो लुईस, तिकडे गेले आणि त्यांनी ढोलांची मांडणीच बदलली. सुर्दोंचे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांना लावले, जमैकाच्या रेगेची तिरकी झुल रेपिकेत आणली, आणि त्यातून निघाला साम्बा-रेगे. 1987 ला त्यांनी कार्निव्हलचा विषय घेतला इजिप्त. फारो काळे होते, पिरॅमिड आमचे आहेत, असं ते गाणं. ज्यांना शाळेत सांगितलं की तुमचा इतिहास जहाजाच्या तळघरात सुरू होतो, ती पोरं रस्त्यावर ओसायरिस आणि इसिसची नावं ओरडत होती. इजिप्तच्या राजांबद्दल विद्वान काय म्हणतात तो वाद वेगळा. मला त्या पोरांचं म्हणणं कळतं.

इले आइयेही दरवर्षी एखादा आफ्रिकी देश किंवा काळ्यांचा उठाव निवडतं, त्यावर अभ्यास होतो, त्यावरून कवी गाणी रचतात, गाण्यांची स्पर्धा होते, मुलांसाठी पुस्तिका निघतात. 1988 ला मांय इल्दांनी देवळातच शाळा सुरू केली. म्हणजे अण्णा, वह्या आणि काठ्या एकाच दप्तरात.

मायकल जॅक्सननं 1996 ला पेलोरिन्योत येऊन ओलोदुमच्या ढोलांसमोर चित्रीकरण केलं, ते बारक्यानं तुम्हाला मोबाइलवर दाखवलं असणार. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट सांगायचीय. देवळातले पवित्र ढोल बायकांनी वाजवायचे नाहीत, अशी काँदोम्ब्लेची जुनी रीत. रस्त्यावरच्या पथकांतही ढोल पुरुषांचेच होते. याच नेगिन्योंनी 1993 ला ‘दिदा’ नावाचं नुसत्या बायका-मुलींचं पथक काढलं. त्यांचा सराव मी पाहिलाय. पंधरा वर्षांची पोर सुर्दो डोक्यावर उचलते, गरकन फिरवते आणि ठोका न चुकवता खाली घेते. माझ्यासारखीला, जिला घरात हलगी दोनदा नाकारली, एकदा मुलगी म्हणून आणि एकदा मास्तरांची मुलगी म्हणून, ते बघणं सोपं नव्हतं. हा टोमणा आहे. घ्या.

तुम्हाला चिडवण्यासारखं आणखी एक आहे. इथं पुरुषांचं एक प्रचंड पथक आहे, नाव ‘फिल्योस दे गांधी’, म्हणजे गांधींची लेकरं. बंदरातल्या हमालांनी 1949 ला, गांधींच्या खुनानंतर वर्षभरानं काढलं. पांढरे टॉवेली फेटे, निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, लव्हेंडरच्या अत्तराचे फवारे, आणि आगोगो या लोखंडी दुहेरी घंटेवर वाजणारा मंद इजेशा ताल. ओरिशांची गाणी योरुबात म्हणतात आणि शांततेचा माणूस म्हणून गांधींचं नाव घेतात. मी भारताची म्हटल्यावर त्यातल्या एकानं माझ्या गळ्यात माळ घातली आणि महात्म्याबद्दल काहीतरी सांग म्हणाला. मी त्याला पुणे कराराबद्दल सांगायला सुरुवात केली होती, पण पथक पुढं निघालं.

आता वाईट बाजूही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी भुलली.

इथला मोठा कार्निव्हल चालतो तो त्रिओ एलेत्रिकोवर. 1950 ला दोदो आणि ओस्मार या दोघांनी जुन्या मोटारीवर बसून विजेवरची तंतुवाद्यं वाजवली, त्याचे आता दुमजली ट्रक झालेत, वर गायक, भोवती दोरखंडाचं रिंगण. महागडा टी-शर्ट विकत घेतला तर रिंगणात नाचता येतं. तो दोर धरून तासन्‌तास चालणारे मजूर जवळजवळ सगळे काळे, दिवसाची मजुरी बेताची, हातात सुती मोजे. 1975 ला जे होतं तेच, फक्त दोर जाड झालाय. ढोलांची पथकं अनेकदा मध्यरात्रीनंतर मुख्य रस्त्यावर येतात, टीव्हीचे कॅमेरे पेंगल्यावर. प्रायोजकांचा पैसा आधी ट्रकांना. या पथकांचे पुढारी हे वर्षानुवर्षं जाहीरपणे बोलतायत.

यंदा ‘आशे’ संगीताची चाळिशी म्हणून शहरभर फलक लागले होते. आशे म्हणजे याच ढोलांवर उभं राहिलेलं बाजारातलं गाणं, आणि त्याचे सर्वांत मोठे तारे बहुतेक गोरे. त्याची सुरुवात ज्या 1985 च्या गाण्यानं झाली असं धरतात, ‘फ्रिकोते’, त्याच्या पहिल्याच ओळीत काळ्या बाईच्या केसांची टिंगल आहे. आणि त्याच्या दोन गीतकारांतले एक कोण? तेच पाउलिन्यो कामाफेउ, ज्यांनी दहा वर्षं आधी ‘काळं जग दाखवायला आलोय’ लिहिलं. माणूस एकाच हातानं दोन्ही लिहितो. मला हे कळल्यापासून कुठल्याही चळवळीच्या गाण्यावर मी चटकन टाळी वाजवत नाही.

पेलोरिन्योचंही असंच. 1990 च्या दशकात सरकारनं वाडे रंगवले, युनेस्कोच्या यादीत चौक आधीच होता, आणि ज्या गरीब कुटुंबांनी तिथं ढोल जिवंत ठेवले त्यातल्या बहुतेकांना थोडे पैसे हातावर ठेवून उठवलं. आता तिथं ढोलाच्या चित्राचे कप मिळतात. मी एक घेतलाय, बारक्यासाठी.

केसांवरून आठवलं. इले आइये दर वर्षी कार्निव्हलच्या काही आठवडे आधी ‘काळ्या सौंदर्याची रात्र’ भरवतं आणि आबनूसाची देवी निवडतं. पोहण्याचे कपडे नाहीत, उंची-कंबर मोजणं नाही. मुलगी नाचते कशी, उभी राहते कशी, यावर निकाल. या वर्षी मी गेले होते. शेजारच्या खुर्चीवरची बाई निकालाआधीच रडत होती. तिची कुणी स्पर्धेत नव्हती. आजी, माझ्या लहानपणी तू मला हळद-साय लावायचीस, रंग उजळावा म्हणून. तू प्रेमानं लावायचीस हे मला माहीत आहे.

आता बारक्याबद्दल.

गावकीच्या हुकमावरून होणारं वाजवणं तुम्ही बंद केलंत. तो कुणाच्या सांगण्यावरून वाजवत नाहीये. त्याला धान्य नकोय, मांडवाबाहेरचं ताट नकोय, पाटलाच्या दारात उभं राहायचं नाहीये. तो बाबासाहेबांच्या मिरवणुकीत, आपल्या लोकांत, त्याला वाटेल तेव्हा वाजवणार आणि त्याला वाटेल तेव्हा थांबणार. थांबायचा हक्क तुम्ही मिळवून दिलाय. आबांना तो नव्हता. तुम्ही हलगी काढून घेतली नसती तर आज बारक्याला ती हातात घेण्याचा प्रश्नच पडला नसता, त्याच्या हातात ती जन्मतःच कोंबली गेली असती.

तुमची एक भीती मात्र खरी आहे आणि ती इथंही मी रोज बघते. उद्या कुणी नगरसेवक त्याच्या पोराच्या लग्नात ‘आपली पारंपरिक कला’ म्हणून या पोरांना बोलावेल, पुढं वाजवायला लावेल आणि जेवायला मागं बसवेल. दोर धरणारे आणि दोराच्या आत नाचणारे असे परत दोन भाग पडतील. तेव्हा बारक्याशी बोला ते यावर बोला. कुणाकडे जायचं, कुणाकडे नाही, किती पैसे घ्यायचे, हे त्यांच्या पथकानं लिहून ठेवायला हवं. तुम्ही ग्रामपंचायतीचे ठराव लिहून देत होतात, हाही लिहून द्या. पोरांना मसुदा जमणार नाही. आणि मुलींना घेणार का, हेही त्यात घाला. शेजारच्या दोघी-तिघी तयार होतील, मी विचारलंय.

बारक्याला मी वेगळं लिहितेच आहे. त्याला परीक्षेआधी सराव सकाळी करू नकोस असं बजावलंय. ती गोष्ट तुमच्या बाजूची.

आईच्या गोळ्यांचे पैसे खात्यावर टाकलेत, पोचले की कळवा. 14 तारखेला सोमवार आहे. मिरवणूक तुमच्याकडे संध्याकाळी सातला निघाली तर इथं सकाळचे साडेदहा वाजलेले असतील. ऑफिसात सांगून ठेवलंय, व्हिडिओ कॉल लावा. फोन बारक्याच्या जवळ धरा, स्पीकरच्या गाडीजवळ नको; तिथून फक्त खरखर ऐकू येते. आणि फोन तुम्हीच धरा.

तुमची,
थोरली